वाचक विचारतात : जॅक्सन होलमधली ती लाकडी घरं

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या ग्रँड टीटॉन नॅशनल पार्कबद्दल लिहिलं होतं. त्यात डोंगरांबद्दल कमी होतं आणि डोंगरांच्या पायथ्याशी, जॅक्सन होल नावाच्या खोऱ्यात, शे-सव्वाशे वर्षांपूर्वी राहायला आलेल्या लोकांच्या लाकडी घरा-गोठ्यांबद्दल जास्त. (होल म्हणजे चहूबाजूंनी डोंगर असलेलं सपाट खोरं, फरचा व्यापार करणाऱ्या शिकाऱ्यांनी दिलेलं नाव.) त्यावर बरेच मेल आले, काही कौतुकाचे, काही चिडलेलेही. मी शेजारच्या आयडाहो राज्यात राहते आणि काही उन्हाळे अशा घरांच्या दुरुस्तीच्या कामात हाताने राबलेय, त्यामुळे जे माहितीये ते सांगते. पत्रं जागेसाठी थोडी कापलीयेत.

ताई, सप्टेंबरमध्ये मुलाकडे सॉल्ट लेक सिटीला गेलो होतो. त्याने आम्हा दोघांना पहाटे उठवून, थंडीत कुडकुडत एका गोठ्यासमोर नेऊन उभं केलं. तिथे आधीच कितीतरी लोक ट्रायपॉड लावून बसलेले. सूर्य वर आला, फोटो झकास आले. पण खरं सांगू का, आपण बघतोय काय तेच मला कळलं नाही. लाकडाचा गोठा आहे. आमच्या गावी पडायला आलेले असे दहा दाखवतो. त्याचं एवढं काय? — एक वाचक, ठाणे

काका, तुमचा प्रश्न मला मनापासून आवडला कारण तिथे फोटो काढणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो पडतच नाही, ते गोठ्याच्या मागचा डोंगर बघतात आणि निघून जातात.

तुम्ही उभे होतात त्या रस्त्याचं नाव मॉर्मन रो. १८९० च्या दशकात मॉर्मन पंथाची काही कुटुंबं आयडाहोतून डोंगर ओलांडून बैलगाड्या-घोडागाड्यांनी इथे आली. तेव्हा १८६२ चा होमस्टेड कायदा लागू होता, म्हणजे सरकारकडे अर्ज करायचा, १६० एकर जमीन मिळायची, पण पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, मग ती नावावर व्हायची. ऐकायला सोपं वाटतं. पण खोऱ्याची उंची साडेसहा हजार फुटांच्या आसपास आहे, आपलं महाबळेश्वर साडेचार हजारांच्या आत येतं, आणि इथे वर्षातले जेमतेम दोनेक महिने असे असतात की रात्री दहिवर गोठून पीक जळणार नाही याची जरा तरी खात्री असते. बाकी काळ थंडी नाहीतर बर्फ. अशा ठिकाणी गवत, ओट्स, बार्ली पिकवायची आणि त्यावर गुरं जगवायची.

पश्चिमेत इतर ठिकाणी जो तो आपापल्या १६० एकरांच्या मधोमध घर बांधायचा, शेजारी एक-दोन मैलांवर. या लोकांनी तसं केलं नाही. त्यांनी शेतं एकमेकांना लागून घेतली, घरं रस्त्याकडेला जवळजवळ बांधली म्हणजे कापणीला, बाळंतपणाला, बर्फात अडकलेल्याला शेजारी हाकेवर असावा. हळूहळू सत्तावीस होमस्टेड झाले, शाळा झाली, चर्च झालं, पोस्ट ऑफिस आलं, पोस्टाने गावाला नाव दिलं ग्रोव्हाँट. ब्लॅकटेल ब्यूट नावाच्या टेकडीमुळे वारा थोडा अडायचा, माती आजूबाजूपेक्षा बरी होती आणि जवळून ग्रोव्हाँ नदी वाहते, तिचं पाणी शेतात आणायला त्यांनी हाताने आणि घोडे जुंपून पाट खणले. हे खणणं १८९६ पासून १९३७ पर्यंत चालू होतं, चाळीस वर्षं! आणि त्यातल्या काही पाटांतून आजही पाणी वाहतं. पुढच्या वेळी गेलात तर गोठ्याकडे पाठ करा आणि गवतात बघा, पाट दिसेल. मला विचाराल तर मॉर्मन रोवरची सगळ्यात मोठी वास्तू तीच आहे, फक्त ती फोटोत येत नाही.

आता तो गोठा. टी. ए. मोल्टन आणि त्यांच्या मुलांनी १९१२ च्या सुमाराला बांधायला घेतला आणि तो वाढत वाढत तीसेक वर्षांनी आजच्या आकाराला आला. गुरं वाढली की बाजूला पडवी काढली, गवत जास्त झालं की वर माळा चढवला. ज्या घरातली माणसं तो बांधत होती ते घर मात्र आता तिथे नाहीये, त्या होमस्टेडवरचा फक्त हा गोठा उरलाय. तुम्ही बघितलं ते एका अख्ख्या घरादारातलं शेवटचं माणूस होतं असं समजा. रस्त्याने पुढे टी. ए. यांचे सख्खे भाऊ जॉन मोल्टन यांचा गोठा आहे, दुमडलेल्या छपराचा, आणि त्याच्याजवळ एक गुलाबी गिलाव्याचं घर. त्या गुलाबी घरासमोर लोक हमखास गोंधळतात की हे काय जुनं दिसत नाही. ते नंतरचंच आहे, जुन्या ओंडक्यांच्या घराच्या जागी मोल्टननी हातात जरा पैसा आल्यावर बांधलेलं. ते पाडून "खरं जुनं" दाखवलं असतं तर या कुटुंबाचे पुढे बरे दिवस आले ही गोष्टच पुसली गेली असती. ते ठेवलं याचा मला फार आनंद आहे.

आणि रांगेत उभी असलेली उंच कॉटनवुडची झाडं दिसली ना? ती त्या लोकांनी लावलेली. माळावर अशी सरळ रांग दिसली की समजायचं इथे कुणाचंतरी अंगण होतं.

तुमचा लेख वाचला पण एक गोष्ट तुम्ही टाळलीत असं वाटलं. ही जमीन रॉकफेलरने गुपचूप विकत घेतली, मग पार्कवाल्यांनीच तिथली घरं पाडली, आणि आता तेच पार्कवाले उरलेली घरं "वारसा" म्हणून जपतायत. हे चुकतंय असं तुम्हाला वाटत नाही का? — इतिहासाची विद्यार्थिनी, पुणे

टाळलं नव्हतं गं, जागा संपली होती, पण तुझं म्हणणं बरोबर आहे की हे आधी यायला हवं होतं.

क्रम असा आहे. १९२६ मध्ये जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर, म्हणजे तेलाच्या धंद्यातल्या गडगंज घराण्याचे वारस, कुटुंबासह तिथे आले, यलोस्टोन पार्कचे तेव्हाचे प्रमुख होरेस ऑलब्राइट यांनी त्यांना खोरं फिरून दाखवलं. रस्त्याकडेला पेट्रोल पंप, जाहिरातींचे बोर्ड, मोडकी टपरीवजा दुकानं बघून रॉकफेलर हळहळले आणि नंतर जमीन विकत घ्यायचं ठरवलं. खरा गिऱ्हाईक कोण हे कळलं तर भाव चढेल म्हणून स्नेक रिव्हर लँड कंपनी नावाची कंपनी काढली आणि तिच्या नावाने खरेदी सुरू केली. १९२९ ला जो पार्क झाला त्यात नुसते डोंगर आणि पायथ्याची तळी होती, खोरं नव्हतंच. १९३० ला कंपनीमागे कोण आहे ते उघड झालं आणि लोक भडकले. १९४३ ला प्रेसिडेंट रूझवेल्टनी खोऱ्याचा मोठा भाग राष्ट्रीय स्मारक, म्हणजे सरकारने राखलेली जमीन, म्हणून जाहीर केला तेव्हा तर पशुपालकांनी निषेध म्हणून शेकडो गुरं त्या जमिनीतून हाकत नेली. रॉकफेलरनी बत्तीस हजार एकरांहून जास्त जमीन १९४९ ला सरकारला दिली आणि १९५० ला सगळं एकत्र करून आजचा पार्क झाला, तेही तडजोड करून, आणि त्या तडजोडीत असंही लिहिलं गेलं की वायोमिंगमध्ये यापुढे संसदेच्या परवानगीशिवाय असं स्मारक जाहीर करायचं नाही.

पण सगळं खोरं विरोधात होतं असंही नाही, आणि हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९२३ च्या उन्हाळ्यात मॉड नोबल नावाच्या बाईंच्या केबिनमध्ये काही स्थानिक लोक ऑलब्राइटसोबत बसले आणि हे खोरं वाचवायला काय करता येईल यावर बोलले. १९२५ ला पिअर्स कनिंगहॅम आणि जोसाया फेरिन या दोघांनी अर्ज फिरवला की आमच्या जमिनी सरकारने घ्याव्यात आणि खोरं सगळ्यांसाठी राखावं, त्यावर ९७ जमीनमालकांच्या सह्या आहेत. शेतीला तेव्हा वाईट दिवस होते, काहींना सुटका हवी होती हे खरं, पण स्वतः नांगरलेली जमीन सगळ्यांसाठी मोकळी राहावी असं लिहून खाली सही करायला मोठं मन लागतं. त्या कनिंगहॅमची १८९० च्या आसपासची केबिन आजही उभी आहे, दोन खोल्या, मधे उघडी वाट आणि त्या सगळ्यावर मिळून एकच छप्पर.

आणि उलट बाजूला जेराल्डिन लुकास. न्यूयॉर्कमधून निवृत्त झालेल्या शिक्षिका, एकट्या येऊन होमस्टेड घेतलं, १९२४ मध्ये साठीला टेकलेल्या असताना ग्रँड टीटॉन शिखर चढल्या, ते चढणारी ती दुसरी स्त्री. रॉकफेलरच्या कंपनीला त्यांनी जमीन विकली नाही म्हणजे नाही. १९३८ ला त्या गेल्या आणि त्यानंतरच ती जमीन हातची गेली. पुढे त्यांच्या घरात राहायला आले ते हॅरॉल्ड फेबियन, म्हणजे त्याच कंपनीचे वकील. घर अजून आहे, आज दोघांच्या नावाने ओळखलं जातं. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा पायरीवर बराच वेळ बसून होते, मला उठवेना.

पाडापाडीबद्दल म्हणशील तर हो, ती झाली, आणि ठरवून झाली. तेव्हाचा विचार असा की नॅशनल पार्क म्हणजे निसर्ग, माणसाचं त्यात काही दिसता कामा नये, त्यामुळे विकत घेतलेली घरं, कुंपणं, गोठे काढून टाकले, काही उचलून दुसरीकडे नेले, काही जाळले. ज्यांनी मरेपर्यंत राहायचा हक्क ठेवून जमीन विकली होती त्यांची घरं बरीचशी वाचली, कारण त्यांत माणूस राहत होता. १९६६ ला ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा राष्ट्रीय कायदा आला, त्यानंतर सरकारी खात्याला पाडायच्या आधी निदान विचार करणं भाग पडलं, तरी मॉर्मन रो ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत यायला १९९७ उजाडलं. म्हणजे तू चूक म्हणतेस ती चूकच होती. पण ज्या खात्याने पाडलं त्याच खात्यातले सुतार आज गुडघे टेकून उरलेली घरं वाचवतायत, मी त्यांच्या शेजारी बसून काम केलंय, आणि त्यांच्याइतकी त्या पाडापाडीची हळहळ मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

मी निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. झाडाचे आख्खे ओंडके, तेही मातीवर ठेवलेले, वर वर्षातले सहा महिने बर्फ, हे शंभर वर्षं टिकतं कसं? आणि दुरुस्त करताना नेमकं करतात काय? जरा टेक्निकल सांगा. — एक वाचक, नाशिक

सर, सांगते, या विषयावर मला थांबवावं लागतं.

लाकूड थंडीने सडत नाही, बर्फानेही नाही, ते सडतं ओलीने. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर सडवणारी बुरशी वाढतच नाही. तिकडची हवा एरवी कोरडी आहे, वाळवीचा आपल्यासारखा ताप नाही, त्यामुळे छप्पर शाबूत आणि पाया कोरडा असेल तर लॉजपोल पाइनचा ओंडका आरामात शंभर वर्षं काढतो. प्रश्न येतो तो ठरावीक जागी येतो. एक, सगळ्यात खालचा ओंडका. मूळ लोकांनी घाईत चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि त्यावर घर रचलं, कधी तेही नाही, मग वर्षानुवर्षं माती चढत जाते, खारींसारखे बिळात राहणारे प्राणी खालून उकरतात, बर्फ भिंतीला टेकून वितळतो आणि तो ओंडका पाणी पीत राहतो. दोन, कोपऱ्यात खाचेबाहेर आलेली टोकं, कारण लाकूड आडवं जेवढं पाणी शोषतं त्याच्या कितीतरी पट टोकाकडून शोषतं. तीन, खिडकीखालची जागा. बाकी भिंत वरून काळी पडलेली, भेगाळलेली दिसते पण आत ठणठणीत असते, आणि नवशिक्यांना भीती मात्र नेमकी तिचीच वाटते.

तपासायचं कसं? हातोडीच्या मुठीने ठोकत जायचं आणि ऐकायचं, चांगलं लाकूड खणखणतं, पोकळ झालेलं बद्द वाजतं. संशय आला की आरी टोचायची, किती आत जाते ते लिहून ठेवायचं. प्रत्येक भिंतीचं चित्र काढून प्रत्येक ओंडक्याला नंबर. हे कंटाळवाणं वाटतं पण याच्याशिवाय करवतीला हात लावू देत नाहीत.

मग खालचा ओंडका बदलायचा असेल तर अख्खं घर जॅकवर उचलतात. एकदम नाही, एका कोपऱ्याला पाव इंच, मग दुसऱ्या कोपऱ्याला पाव इंच, मधे थांबायचं, लाकूड काय बोलतं ते ऐकायचं. खरंच कुरकुर ऐकू येते. घर उचललं गेलं की खाली दगडाचा नीट पाया, पाणी वाहून जायला उतार, आणि मग नवीन ओंडका. नवीन म्हणजे त्याच जातीचं झाड, तेवढ्याच जाडीचं, आणि मूळ माणसाने खाच कुऱ्हाडीने पाडली असेल तर आपणही कुऱ्हाडीनेच पाडायची. आख्खा ओंडका खराब नसेल तर नुसता सडका तुकडा कापून तिथे जोड देतात, कारण जेवढं मूळ लाकूड वाचेल तेवढं वाचवायचं हा नियम. चांगला सुतार नवीन तुकड्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला वर्ष कोरून ठेवतो म्हणजे पन्नास वर्षांनी येणाऱ्याची फसवणूक होणार नाही.

दोन ओंडक्यांमधल्या फटीत आधी लाकडाच्या चिरलेल्या काठ्या ठोकतात आणि त्यावर बाहेरून माती-चुन्याचा लेप भरतात. इथे मला एक वाईट अनुभव सांगायचाय. एका खाजगी जागेवर मालकांनी कुणाकडून तरी जुन्या केबिनच्या सगळ्या फटी सिमेंटने भरून घेतल्या होत्या, पक्कं काम म्हणून. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं, आकसतं, सिमेंट हलत नाही, त्यामुळे दोघांमधे केसाएवढी फट पडते, त्यातून पाणी आत जातं आणि सिमेंट ते बाहेर पडू देत नाही. आम्ही तो सिमेंटचा पट्टा काढला तर मागचं लाकूड हातात भुगा होऊन आलं. शंभर वर्षं मातीमागे टिकलेलं लाकूड सिमेंटमागे काही वर्षांत गेलं होतं, मला तेव्हा रडू आलं होतं. तुम्ही नाशिकचे, जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा मारल्यावर काय होतं ते तुम्ही बघितलं असणार, रोग तोच आहे.

छपराबद्दल थोडक्यात, सुरुवातीला फळ्यांवर माती आणि गवताची ढेपळं टाकायचे, उबेला छान पण गळकं आणि वजनदार, नंतर लाकडी शिंगल, म्हणजे कौलांसारख्या लावायच्या पातळ फळ्या, आल्या. बर्फाचा भार झेलायला आतून आधार वाढवतात, पण बाहेरून दिसणार नाही असा. आणि मॉर्मन रोवर एक वेगळाच त्रास म्हणजे बायसन. एवढं मोठं जनावर अंग खाजवायला भिंतीच्या कोपऱ्याला टेकलं की झालं.

एवढं सगळं करतायत तर मग गोठे रंगवून, फळ्या बदलून एकदम नव्यासारखे का नाही करून टाकत? — एक वाचक, डोंबिवली

कारण मग तो गोठा राहणार नाही, गोठ्याचा सेट होईल. अमेरिकेत यासाठी सरकारी मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि त्यात चार वेगवेगळे मार्ग सांगितलेत. आहे तसं टिकवणं, आजच्या वापरासाठी सुधारणं, एखाद्या ठरावीक काळाच्या रूपात परत नेणं, आणि पूर्ण नाहीसं झालेलं पुन्हा बांधणं. आधी यातलं आपण काय करतोय ते ठरवायचं. मोल्टनच्या गोठ्याला पहिला मार्ग लागू पडतो. व्हाइट ग्रास नावाचं १९१३ चं एक रँच आहे, शहरातली माणसं पैसे देऊन काऊबॉयसारखं राहायला यायची अशातलं, ते १९८५ ला बंद पडलं आणि वीसेक वर्षं रिकामं राहिलं, छपरं बसली. त्याला दुसरा मार्ग लावला, केबिन सुधारून तिथे पार्क खात्याचं जुन्या इमारती दुरुस्त करायला शिकवणारं केंद्रच सुरू केलं. आता उन्हाळ्यात तिथे माणसं राहतात, शिकतात, केबिनी पुन्हा वापरात आहेत. माझं स्पष्ट मत आहे की जिथे शक्य आहे तिथे हाच मार्ग बरा, कारण रोज दार उघडणाऱ्या माणसाला गळती पहिल्या पावसात दिसते, कुलूप लावलेल्या घरातली गळती तुळई पडल्यावर कळते.

"पायोनियर", "पहिले रहिवासी" हे शब्द तुम्ही सहज वापरलेत. त्यांच्या आधी तिथे कुणी नव्हतं का? — एक वाचक, कोल्हापूर

होतं. माझ्या लेखातला "पहिले" हा शब्द चुकीचा होता आणि तो मी मागे घेते.

त्या खोऱ्यात माणसाच्या वावराच्या खुणा सुमारे अकरा हजार वर्षं मागे जातात. शोशोनी, बॅनॉक, क्रो आणि इतर जमाती उन्हाळ्यात शिकारीला, कंदमुळं गोळा करायला यायच्या आणि हिवाळ्याआधी खाली उतरायच्या, त्या थंडीत तेच शहाणपणाचं होतं. १८६८ च्या फोर्ट ब्रिजर कराराने शोशोनी आणि बॅनॉक लोकांना राखीव प्रदेशांत पाठवलं, पण मोकळ्या सरकारी जमिनीवर शिकारीचा हक्क कागदावर ठेवला. मग १८९५ ला जॅक्सन होलमधल्याच लोकांनी शिकारीला आलेल्या बॅनॉक लोकांना पकडलं, त्यात निदान एक बॅनॉक माणूस मारला गेला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १८९६ ला कोर्टाने जमातीच्या विरोधात निकाल दिला. तो निकाल चुकीचा होता हे कोर्टानेच मान्य केलं २०१९ ला, क्रो जमातीच्या एका माणसाच्या खटल्यात. म्हणजे १२३ वर्षांनी.

ही घरं ज्यांनी बांधली तीही गरीब, कष्टाळू माणसं होती, आणि त्यांच्या पायाखालची जमीन आधी दुसऱ्यांकडून घेतलेली होती. दोन्ही खरं आहे. मला वाटतं म्हणूनही ती घरं उभी राहायला हवीत, घरच नसेल तर ही दुसरी गोष्ट सांगायची कुठे उभं राहून? आणि जमातींच्या उन्हाळी मुक्कामांनी भिंती मागे ठेवल्या नाहीत, चुलीचे दगड ठेवले, त्यांच्याकडेही याच काळजीने बघायला हवं.

पुढच्या जूनमध्ये दोन लहान मुलांना घेऊन जातोय, डोंगर चढणं जमणार नाही. एका दिवसात यातलं काय दाखवू? — एक वाचक, सिअॅटल

सकाळी लवकर मॉर्मन रो करा, गर्दीच्या आत. मग सरळ मेनर्स फेरी, मुलांना तेच सगळ्यात आवडेल. स्नेक नदीवर पूल नव्हता तेव्हा बिल मेनर नावाच्या माणसाने १८९४ ला येऊन लोकांना पलीकडे नेणारी फेरी सुरू केली, नदीवर आडवी तार ताणलेली, तिला तराफा बांधलेला, तो प्रवाहाला तिरका धरला की पाणीच त्याला पलीकडे ढकलतं, इंजिन नाही, वल्हं नाही. तराफा आता मूळचा नाही, तशीच प्रतिकृती आहे. बिलचं घर चुन्याने पांढरं केलेलं आहे. पलीकडच्या काठावर त्याचा भाऊ होलिडे राहायचा आणि चुन्याची भट्टी चालवायचा, दोघं भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नसत, मुलांना ही गोष्ट नक्की सांगा. १९१८ ला मॉड नोबलनी फेरी विकत घेतली, वर आलेल्या १९२३ च्या बैठकीची केबिन त्यांचीच, आणि तीही तिथेच आहे, १९२७ ला पूल झाला आणि फेरी थांबली. चालत दोन मिनिटांवर १९२५ चं छोटं ओंडक्यांचं चर्च आहे, त्यात वेदीच्या मागे काच आहे आणि काचेतून टीटॉन दिसतो. परत जाताना वेळ उरला तर कनिंगहॅम केबिन, थोडंच चालावं लागतं. जूनमध्ये डास असतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. आणि केबिनमध्ये शिरलात तर मुलांना भिंतीवर नाव कोरू देऊ नका, आम्ही ती नावं भरत बसतो.

मला सुतारकाम येत नाही पण हे वाचून हात लावावासा वाटतोय. येता येईल का? — एक वाचक, सध्या बॉइझी

येईल. उन्हाळ्यात पार्कच्या जतनाच्या कामांना व्हॉलंटिअर लागतात, नोंदणी हिवाळ्यातच सुरू होते, तेव्हा पार्कच्या वेबसाइटवर व्हॉलंटिअरिंगचं पान बघत राहा. सुतारकाम येत नसलं तरी चालतं, पहिला आठवडा ओंडक्यांची साल काढण्यात आणि लेप कालवण्यातच जातो. दोन मुठींची सोलणी दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढायची असते, त्याने खांदे भरून येतात. हातमोजे स्वतःचे घेऊन या, तिथे मिळतात ते आपल्या हाताला फार मोठे होतात.